साक्षीदाराच्या हातात नाणं

नाणं लपवायला हाताचा तळवा ही सगळ्यांत चांगली जागा, आणि त्यासाठी सगळ्यांत सोयीचं नाणं म्हणजे सहा पेन्सांचं ‘टेस्टर’, असं रेजिनाल्ड स्कॉट सांगतो. पत्त्यांबद्दल त्याची सूचना अशी की कॅट चपळाईने पिसता आला पाहिजे, आणि पिसताना एक ठरावीक पान कायम तळाशी किंवा आपल्याला ठाऊक असलेल्या जागी राहिलं पाहिजे. गोळ्या, नाणी आणि पत्ते अशी या विद्येची विभागणी त्याने केली आहे. आजही हातचलाखी शिकणारा याच तीन वस्तूंपासून सुरुवात करतो. पण स्कॉटने पुस्तक लिहिलं ते जादू शिकवण्यासाठी नव्हे. १५८४ साली इंग्लंडात छापलेल्या या जाडजूड ग्रंथाचं नाव ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’. ‘डिस्कव्हरी’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ झाकलेलं उघडं करणं. चेटकीण ठरवून ज्या बायकांना फासावर दिलं जात होतं, त्यांच्या बाजूने हा माणूस उभा राहिला होता, आणि त्या वादात त्याने एक अख्खा भाग हातचलाखीच्या कृतींना दिला. चेटकाच्या खटल्यात तळहातातल्या नाण्याचं काय काम, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याच्या उत्तरापासून महाराष्ट्रातल्या एका कायद्यापर्यंत सलग धागा जातो, असं मला वाटतं.

इंग्लंडात चेटकाविरुद्धचा कायदा १५६३ मध्ये झाला. १५८२ मध्ये एसेक्स परगण्यातल्या सेंट ओसिथ या गावी बायकांवर खटले चालले आणि त्यांची हकिकत छापूनही आली. अशा खटल्यांत पुरावा म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष: मी पाहिलं, माझ्या डोळ्यांदेखत घडलं, दुसरं कारण संभवतच नाही. साक्षीदार खोटं बोलत असेल तर उलटतपासणीत तो अडकेल. पण तो खरं बोलत असेल, त्याला जे दिसलं तेच प्रामाणिकपणे सांगत असेल, तर? स्कॉटने बोट ठेवलं ते इथे. प्रामाणिक माणसाचे डोळे प्रामाणिकपणे चुकतात, हे दाखवल्याशिवाय त्या बायकांची सुटका नव्हती. ते दाखवायला जत्रेतल्या खेळियाइतका चांगला पुरावा दुसरा कोणता? जिभेत आरपार गेलेला दाभण, धडावेगळं होऊन ताटात बोलणारं मुंडकं, हातातून नाहीसं झालेलं नाणं, सगळं लोकांनी पैसे मोजून पाहिलेलं होतं. दाभणाला मधोमध खाच कशी असते, हे स्कॉटने चित्र काढूनच दाखवलं.

हा स्कॉट केंट परगण्यातला जमीनजुमला असलेला गृहस्थ. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या वेलीच्या लागवडीवरचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक त्याचंच, १५७४ सालचं. वेल कशी लावायची, खांब कसे रोवायचे, हे त्यात लाकडी ठशांच्या चित्रांनी समजावलं आहे. चेटकावरच्या ग्रंथातली दाभणांची आणि सुऱ्यांची चित्रं मला याच वळणाची वाटतात. काम समजायचं तर ते हाताने कसं होतं हे दाखवावं लागतं, ही शेतीतल्या माणसाची समज त्याने तत्त्वचर्चेत आणली. चेटूक खोटं आहे असं नुसतं लिहिणारे त्याच्याआधीही होते. जर्मन प्रदेशातला वैद्य योहान वायर याने १५६३ मध्येच तसं लिहिलं होतं. स्कॉटने वाचकाच्या हातात नाणं ठेवलं. माझं म्हणणं एवढंच आहे: हातचलाखीच्या इतिहासात गुपित सांगून टाकणं आणि ती शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भोळ्या विश्वासाला धक्का बसला तो दुसरीने. पहिलीने फारसं काही साधलं नाही.

हा फरक कळण्यासाठी ते तळहातातलं नाणं जरा जवळून पाहावं. हात पाहणारे ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तो अंगठ्याखालचा मांसल भाग, आणि त्याच्या समोर अनामिकेच्या मुळाखालचा फुगवटा, यांच्या बेचक्यात नाणं कडेने दाबून धरायचं. हे गुपित एका वाक्यात संपलं. आता प्रत्यक्ष करून पाहिलं की पहिले काही दिवस नाणं पडतं, मग नाणं टिकतं पण अंगठा आखडतो, मग अंगठा सैल होतो पण बोटं ताठ राहतात. बोटं सैल पडली तरी शिकणाऱ्याची स्वतःची नजर पुन्हापुन्हा त्या हाताकडे जाते, आणि पाहणाऱ्याची नजर तिच्या मागोमाग. शेवटी उमगतं की अवघड भाग नाणं धरण्यात नव्हताच. नाणं दुसऱ्या हातात गेलं आहे यावर आपण स्वतः क्षणभर विश्वास ठेवायचा आणि त्या रिकाम्या मुठीकडे खरोखर नाणं असल्यासारखं पाहायचं, हे अवघड. इथवर पोचलेल्या माणसाला एक गोष्ट कळून चुकते, जी वाचून कळत नाही: समोरचा पाहतो आहे ते आपण त्याला पाहायला लावलं म्हणून. आणि ज्याला हे दुसऱ्याबद्दल कळलं, त्याला ते स्वतःबद्दलही कळतं.

स्कॉटच्या पुस्तकाने काय साधलं, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. स्कॉटलंडच्या राजाने, सहाव्या जेम्सने, १५९७ मध्ये ‘डिमॉनॉलॉजी’ लिहून स्कॉटचं नाव घेऊन त्याला विरोध केला. पुढे हाच राजा इंग्लंडच्या गादीवर आला आणि १६०४ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तो रद्द व्हायला १७३५ उजाडलं, आणि त्याचं श्रेय एकट्या स्कॉटला देणं इतिहासाला धरून होणार नाही. पण पुस्तकाचा कोणता भाग तगला ते पाहण्यासारखं आहे. १६१२ मधलं ‘द आर्ट ऑफ जगलिंग’ बहुतांशी स्कॉटवरून उचललेलं. १६३४ मधल्या ‘होकस पोकस ज्युनिअर’मध्ये पेले आणि गोळ्यांचा खेळ पायरीपायरीने, चित्रांसकट शिकवला आहे. बायबलातल्या शब्दांची चर्चा, कायद्याचा कीस, पाद्र्यांशी वाद हे सगळं गळून पडलं आणि हाताने करायचं तेवढं पिढ्यान्‌पिढ्या छापलं जात राहिलं. युक्तिवाद विसरला गेला, कृती उरली. मला यात स्कॉटचा पराभव दिसत नाही.

गुपित दुसऱ्या प्रकारेही वापरता येतं आणि ती वाट फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या तेराव्या अधिकरणात, शत्रूचा गड घेऊ पाहणाऱ्या राजाला सल्ला आहे की भुयारातून अग्निस्थानात आणि पोकळ देवमूर्तीत आपले हेर शिरवावेत आणि राजाने लोकांसमोर त्यांच्याशी संभाषण करावं, म्हणजे देव राजाशी बोलतात अशी ख्याती होईल. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या सरकारने हेच काम एका जादूगाराकडून करून घेतलं. घड्याळजीच्या धंद्यातून आलेला रॉबेर-उदँ १८५६ मध्ये अल्जीरियाला पाठवला गेला, कारण तिथल्या मराबूत फकिरांच्या चमत्कारांचा लोकांवर पगडा होता आणि त्यातून बंडाची भीती होती. त्याच्या आठवणींनुसार, लहान मूल उचलेल अशी पेटी त्याने विद्युतचुंबकाच्या जोरावर एका धट्ट्याकट्ट्या माणसाला उचलता येणार नाही अशी करून दाखवली. नंतर दुभाष्यांमार्फत ही नुसती कला आहे असं लोकांना कळवलं, असंही तो लिहितो. पण पेटीखालचं चुंबक कोणाला हाताळायला दिलं नाही. एकाच्या धाकाऐवजी दुसऱ्याचा धाक बसला. पाहणारे पाहणारेच राहिले.

सांगून भागत नाही याचा सगळ्यांत लख्ख पुरावा मात्र लंडनमधल्या पाट्यांचा आहे. १८८० च्या दशकात तिथे ‘आत्म्याचं पाटीलेखन’ जोरात होतं. शाळेत असते तशी दगडी पाटी, तिच्यावर पेन्सिलीचा तुकडा, पाटी टेबलाखाली किंवा दोन पाट्या एकमेकींवर. थोड्या वेळाने पाटीवर मृताचा निरोप उमटलेला. एस. जे. डेव्ही नावाचा तरुण, मृतांचे निरोप आणतो म्हणणाऱ्या एका प्रख्यात माध्यमाच्या बैठकींना गेला आणि पुरता भारावला. पुढे शंका आली, तेव्हा त्याने पुस्तकं वाचून थांबण्याऐवजी पाट्यांचे प्रकार स्वतः हाताने बसवले, आणि मग बैठका भरवून आलेल्यांना नंतर आठवेल ते तपशिलाने लिहून द्यायला सांगितलं. संशोधक रिचर्ड हॉजसनबरोबर केलेला हा अभ्यास १८८७ मध्ये सायकिकल रिसर्च सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. सुशिक्षित, सावध माणसांनी लिहिलेल्या त्या हकिकती वाचताना आजही धक्का बसतो. पाटी नीट तपासली, ती सतत डोळ्यांसमोर होती, असं त्यांनी मनापासून लिहिलं, आणि नेमके मधले क्षण, ज्यांत पाटी बदलली गेली किंवा लक्ष दुसरीकडे वळवलं गेलं, ते त्यांच्या लेखनातून गळून पडले. कुणीच खोटं बोललं नव्हतं. स्कॉटला जे साक्षीदाराबद्दल म्हणायचं होतं ते तीनशे वर्षांनी कागदावर, तारखांसकट सिद्ध झालं.

पण याहून बोलकं आहे ते नंतर घडलेलं. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस आत्मावादी होते. आपण हातचलाखी केली असं डेव्ही स्वतः सांगत असताना वॉलेस यांचा पवित्रा असा की त्याने प्रत्येक गोष्ट कशी केली ते उलगडून दाखवावं, नाहीतर तोही माध्यमच आहे असं मानावं लागेल. डेव्ही १८९० मध्ये अकाली गेला. त्याच्या पद्धती हॉजसनने १८९२ मध्ये छापल्या. पुढच्या पिढीत जादूगार हॅरी हुडिनी जन्मभर सांगत राहिला की मी करतो ते कसब आणि युक्ती, तरी शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हुडिनीच्या अंगी अलौकिक शक्ती आहे असंच मानत राहिले. वॉलेस आणि डॉयल यांच्या बुद्धीबद्दल कोण शंका घेईल? एक जण किडे-फुलपाखरं ओळखण्यात जगात अग्रगण्य, दुसऱ्याने तर्कावर चालणारा सत्यशोधक निर्माण केला. त्यांना गुपित असल्याचं सांगितलं गेलं होतं. त्यांच्या बोटांना ते कधी करावं लागलं नव्हतं. डेव्हीचंही मन वळलं ते स्वतः पाटी हातात घेतल्यावर.

बुद्धिमापन चाचण्यांमुळे ओळखला जाणारा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने १८९० च्या दशकात जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या हालचालींची क्षणाक्षणाची छायाचित्रं घेतली. सुट्या चित्रांत जादू उरलीच नाही, सगळं सरळ दिसत होतं. याचा अर्थ डोळ्यांपुढे सगळं असतं, आणि जुळवणी करताना मन चुकतं. ही चूक बुद्धी कमी म्हणून होत नाही, ती सगळ्यांचीच होते. म्हणून ‘लोक अडाणी आहेत’ या सुरात चमत्काराविरुद्ध बोलणाऱ्यांबद्दल मला आस्था वाटत नाही.

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. या मातीत स्कॉटचा मार्ग आला तो दक्षिणेकडून. केरळात तिरुवल्ल इथे जन्मलेल्या आणि पुढे श्रीलंकेत राहिलेल्या डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं आणि १९७० च्या दशकात भारतभर फिरून बुवांचे चमत्कार सभांमध्ये करून दाखवले. बी. प्रेमानंद यांनी तेच काम पुढे नेलं. महाराष्ट्रात १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, आणि तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव, शाळाशाळांत जे केलं त्याला मी या इतिहासातलं सर्वांत पुढचं पाऊल मानतो. वस्तू सगळ्या घरातल्या. भाताच्या पेजेत कालवून वाळवलेली राखेची गोळी अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि हात फिरवता फिरवता चुरायची, की हवेतून विभूती झरते. स्कॉटच्या टेस्टरची जागा आणि या गोळीची जागा बोटभर अंतरावर आहे. सुरीला मिथाइल ऑरेंज लावून लिंबू कापलं की आंबटाने रंग लाल होतो आणि ‘रक्त’ येतं. पणतीत आधी ठेवलेल्या कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलिन वायू निघतो आणि काडी लावताच पाण्याने दिवा पेटतो. चमत्कार नुसता फोडून थांबायचं नाही, तो कार्यकर्त्यांना आणि मुलांना करायला शिकवायचा, ही या कामाची रीत. शाळेतल्या मुलीने स्वतः विभूती काढून दाखवली की तिच्या घरातली मोठी माणसंही पाहतात, आणि ती मुलगी पुढे कुठल्याही दरबारात बसली तर तिची नजर हाताच्या बेचक्याकडे जाते.

यावर तर्काने घेतला जाणारा आक्षेप भक्कम आहे. तुम्ही युक्तीने विभूती काढलीत, म्हणून महाराजही युक्तीनेच काढतात हे कसं सिद्ध झालं? खोट्या नोटा छापता येतात म्हणून प्रत्येक नोट खोटी ठरत नाही. हे मान्यच केलं पाहिजे. हातचलाखीने चमत्कार खोटा असल्याचा पुरावा मिळत नाही. पण चमत्काराच्या बाजूने जो एकमेव पुरावा पुढे केला जातो, ‘मी डोळ्यांनी पाहिलं, दुसरं कारण असूच शकत नाही’, त्यातला दुसरा भाग ती काढून घेते. दुसरं कारण असू शकतं, आणि ते दहा मिनिटांपूर्वी माझ्याच हातात होतं. एवढं झालं की सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर जाते. कोवूर यांच्या आव्हानात अटी होत्या त्या यासाठीच. श्रद्धेला हात घालता, या दुसऱ्या आक्षेपाला स्कॉटच्या ग्रंथातच उत्तर आहे. तो श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता, आणि देवाचं सामर्थ्य म्हातारीच्या पदरात टाकणं हीच त्याला देवाची विटंबना वाटत होती.

पोटापाण्याचा आक्षेप मला अधिक टोचतो. स्कॉटलाही तो टोचला होता: या गुपितांवर जगणाऱ्या गरिबांचं आपल्यामुळे नुकसान होईल याचं दुःख त्याने लिहूनच ठेवलं आहे. आपल्याकडचा गारुडी तर वडिलांकडून मुलाकडे गेलेल्या विद्येवर जगणारा, रस्त्यावर चारी बाजूंनी लोक उभे असताना पेले आणि गोळ्या खेळवणारा. मागे पडदा नाही, बाजूला विंग नाही. त्याचं गुपित सांगायचा आपल्याला काय अधिकार? पण त्याचा घास कुणी काढला ते पाहिलं तर दोष पुस्तकावर येत नाही. १९५९ च्या मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ दाखवणं अशा कोणत्याही निमित्ताने पैसे घेणं ‘भीक’ ठरवलं. शेकडो वर्षं पारंगत असलेला कारागीर एका व्याख्येने भिकारी झाला. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. गुपित जाहीर होऊनही पेले-गोळ्यांचा खेळ १६३४ पासून जिवंत आहे. बसायला जागाच काढून घेतल्यावर कुठला खेळ जगेल?

शिकवण्याने लबाड तयार होतात, हेही खरं आहे का? १९०२ मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. एर्डनेस या टोपणनावाने ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ निघालं. लेखक कोण हे आजवर ठरलेलं नाही. पैशांची गरज आहे म्हणून लिहिलं, असं तो स्वतः सांगतो. जुगारात पत्ते कसे मारायचे हे त्यात शंभरेक चित्रांनी दाखवलेलं आहे. काही लबाडांनी त्यातून धडे घेतले असतील, नाकारण्यात अर्थ नाही. पण या पुस्तकावर आयुष्य वाहून घेतलेला माणूस म्हणजे १८९४ मध्ये कॅनडातल्या ऑटावात जन्मलेला डाय व्हर्नन, आणि त्याच्या हातून जुगाऱ्यांची ती कृष्णविद्या जवळून पाहायची कला झाली. कोणताही खेळ तीनदा पाहिला की मी उकलतो, असं म्हणणाऱ्या हुडिनीसमोर १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने एकच पत्त्याचा खेळ पुन्हापुन्हा केला: हुडिनीने सही केलेलं पान कॅटात मध्ये जातं आणि वर येतं. हुडिनीला तो उकलला नाही. सगळी गुपितं ठाऊक असलेला माणूस त्या संध्याकाळी नवलाने पाहत राहिला, आणि त्याला भूत आठवलं नाही.

स्कॉटने हातचलाखीला मोकळीक दिली ती तीन अटींवर: खेळ करमणुकीसाठी असावा, शेजाऱ्याला इजा किंवा देवाच्या नावाचा गैरवापर नसावा, आणि खेळियाने ही कला आहे हे कबूल करावं. त्याच सुराचा कायदा महाराष्ट्रात झाला तो एका खुनानंतर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं व धाकात ठेवणं, हे त्याच्या अनुसूचीतल्या पहिल्या काही गुन्ह्यांत आहे. विभूतीची गोळी बेचक्यात धरून ती वर्गाला उघडून दाखवणाऱ्याला त्या कायद्याची भीती नाही.